बाराव्या बरणीची साक्ष

ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातील एका बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, काराकोल शहरात जोडे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर जी एक लहानशी खोली आहे, तिच्यात एक तरुण स्त्री शालीत काहीतरी गुंडाळून घेऊन आली. ते तिने टेबलावर इतक्या हळुवारपणे ठेवले, की असानालीस ते तान्हे मूल वाटले.

शाल उलगडली. आत तीन लिटरची काचेची बरणी होती. बरणीत खारवलेल्या काकड्या होत्या, आणि तिचे पत्र्याचे झाकण एखाद्या टोपीप्रमाणे वर फुगून आले होते.

असानाली हा पूर्वाश्रमीचा टपालवाला. विचाराच्या बाबतीत तो सावकाश, परंतु भोजनाच्या बाबतीत अत्यंत तत्पर असे. झाकण दाबून पाहावे या हेतूने त्याने बोट पुढे केले.

"हात लावू नकोस, असान," उमसुनाई म्हणाली.

परंतु बोट पोहोचले होते. झाकणाने 'टक्' असा आवाज केला, काठातून खाराची बारीक धार उडाली आणि त्याच्या मिशीवर स्थिरावली.

उमसुनाईने पोलीस खात्याच्या तपास विभागात तेवीस वर्षे काढली होती. निवृत्तीनंतर तिने ही खोली घेऊन खाजगी तपासाचा व्यवसाय आरंभिला. हरवलेल्या गायी, हरवलेले नवरदेव, असे तिच्या कामाचे स्वरूप असे. तिच्या चष्म्याची भिंगे जाड होती. बुद्धीचे पाते मात्र बारीक होते. असानाली तिची गाडी चालवी आणि तिच्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान असूनही तिला आदराने 'एजे', म्हणजे थोरली बहीण, असे संबोधी.

मुलीचे नाव बेगाईम. तिचे माहेर दूर नारिनच्या डोंगरात, आणि सासर सरोवराकाठच्या जेल-तेरेक या गावी. जून महिन्यात तिचे लग्न झाले. नवरा रस्त्याच्या कामावर घाटात गेलेला; तो पहिल्या बर्फानंतरच परतणार होता. ऑगस्टमध्ये सासूसुनांनी मिळून काकड्यांच्या साठ बरण्या भरल्या. तीस सासूने आपल्या मापाने, तीस सुनेने आपल्या आईच्या मापाने. तळघरात सासूची फळी उजवीकडे, सुनेची डावीकडे. आणि गेल्या काही आठवड्यांत डाव्या फळीवरच्या अकरा बरण्या एकीमागून एक फुगल्या होत्या. उजव्या फळीवरची एकही नाही.

आता शुक्रवारी त्यांच्या घरी शेरिने होती. गल्लीतील बायका हिवाळ्यात आळीपाळीने एकमेकींकडे जमतात, त्यास शेरिने म्हणतात. आणि लग्नानंतरची पहिली शेरिने नव्या सुनेच्या हातच्या बरण्यांवर व्हावी असा रिवाज आहे. तोवर सुनेची एकही बरणी घरातही उघडत नाहीत. चौदा बायका येणार होत्या. सासूने त्यावर असा तोडगा काढला होता, की डावी फळी चादरीने झाकून टाकावी आणि उजवीकडच्या बरण्या सुनेच्या म्हणून वाढाव्यात.

"सासूबाई ओरडल्या का?" उमसुनाईने विचारले.

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, एजे. त्या गप्प आहेत. जेवताना मिठाचं भांडं माझ्यापासून लांब ठेवतात."

असानालीस हसू आले, परंतु मुलीचे डोळे पाहून त्याने ते खोकल्यात लपविले.

"माझं एवढंच काम आहे," बेगाईम म्हणाली. "चूक माझी आहे का, ते शोधून द्या. असेल तर मी शुक्रवारच्या आत माहेरी जाते. दुसरीच्या बरण्या माझ्या नावावर वाढलेल्या मला बघवणार नाहीत. बॅग भरून ठेवलीय."

उमसुनाईने तिला भरण्याची सर्व रीत विचारली. मीठ बरणीला सपाट तीन चमचे, लसणाच्या चार पाकळ्या. पाणी दोनदा उकळते ओतलेले. झाकणे उकळलेली, आणि सर्वच्या सर्व आतून पिवळ्या मुलाम्याची, कारण सिरक्याच्या आंबटाला साधा पत्रा चालत नाही. बरण्या उलट्या करून दोन दिवस रजईत निजविलेल्या. तपासनिसीच्या दृष्टीने या कथनात एकही छिद्र नव्हते.

"चला," उमसुनाई उठत म्हणाली. "जिथे चूक सापडत नाही, तिथे माणूस सापडतो."

*

सासूचे नाव मैरामकान. बांध्याने ती ठेंगणी, परंतु मान अशी ताठ, की उंच माणसासही तिच्याकडे वर पाहिल्यासारखे वाटे. पाहुण्यांस प्रथम चहा, नंतर प्रश्न, हा या मुलखाचा धर्म तिने पाळला. दुधाचा चहा, गरम रोटी, साय आणि जर्दाळूचा पाक जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर आला. तदनंतरच ती सुनेकडे वळली.

"घरातलं फुगलेलं झाकण गावभर मिरवायला निघालीस का, सूनबाई?"

"गावभर नाही, माझ्याचकडे आणलं," उमसुनाई म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही. हा सांगेल, पण ह्याचं तोंड भरलेलं ठेवा म्हणजे झालं."

मैरामकानने असानालीपुढे आणखी साय सरकविली. मग ती बोलू लागली, आणि तिच्या बोलण्यात द्वेषापेक्षा दुःखच अधिक होते. चाळीस वर्षांत तिची एक बरणी फुगली नव्हती. मीठ मुठीने घालावे, चमच्याने नव्हे, असे तिने सुनेस सांगितले होते. सुनेने ऐकले नाही. चादर झाकण्याचा बेत तिने सुनेची फजिती व्हावी म्हणून नव्हे, तर टळावी म्हणून केला होता. दर रविवारी ती तळघरात जाऊन बरण्या मोजी आणि दारावर खडूने आकडा लिही. फुगू लागेपर्यंत तो आकडा सतत साठच होता. म्हणजे चोरी झाली म्हणावे तर तेही नव्हे.

उमसुनाईने झाकणांविषयी विचारले. पिवळ्या मुलाम्याची झाकणे ऑगस्टमध्येच संपली, शेवटचे टोमॅटोला लागले, असे मैरामकानने सांगितले. आता खणात उरली होती ती साधी, गोड पाकाची. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत.

"आणि तुमचे यजमान? त्यांचं काय म्हणणं?"

हा प्रश्न ऐकताच त्या ताठ मानेत प्रथमच मार्दव आले.

"ते ह्यात पडत नाहीत. पण माणूस सुधारला हो. मुलाच्या लग्नात, ह्या सुनेच्या समोर, माझा हात धरून शपथ घेतली, की दारूचा थेंब घेणार नाही. आणि पाळतायत. लग्नाहून आले की न सांगता पाणी भरून आणतात. चाळीस वर्षांत बादलीला हात लावला नव्हता."

"तुमचा विश्वास बसला?"

"विश्वास आहे. तरी तोंड हुंगून बघते, ते वेगळं."

"मग?"

"लसणाचा वास येतो. लग्नातल्या मटणाचा."

असानालीने मान डोलावली. लग्नातल्या मटणात लसूण असावा, याविषयी त्याचे तिच्याशी पूर्ण मतैक्य होते.

*

तळघरात बेगाईमने दिवा धरला. उजवी फळी सैन्याप्रमाणे भरलेली. डाव्या फळीवर अकरा जागा रिकाम्या. फुगलेल्या बरण्यांतील माल गोठ्यामागच्या खड्ड्यात पुरला होता, परंतु दहा झाकणे कोपऱ्यात एका डब्यात पडून होती. अकरावी बरणी तर गाडीतच होती.

उमसुनाईने चिमट्याने एक झाकण उचलून असानालीपुढे धरले. "काय दिसतं?"

"झाकण."

"आतून?"

"राखाडी पत्रा. त्यावर काळे डाग पडलेत."

"काठाला?"

"आवळलेल्या घडीत काळी चिकट रेघ आहे. मळ असेल."

"घडी कशी आहे?"

असानालीने काठावरून बोट फिरविले. "एकदम सुरेख. एक सुरकुती नाही. छापखान्यातून आल्यासारखी."

"शाबास, असान. सगळं पाहिलंस. आता फक्त विचार करायचा राहिला."

दहाही झाकणे तशीच निघाली. भिंतीवरच्या खिळ्याला झाकणे आवळण्याचे हातयंत्र टांगलेले होते. असानालीने कुतूहलाने त्याचा दांडा फिरविला, तर चाकी सायकलच्या चाकासारखी गरगर फिरली. बेगाईमने आश्चर्याने दिवा जवळ आणला. ऑगस्टमध्ये हेच यंत्र इतके जड चालत होते, की तिची मनगटे सुजली होती. सूर्यफुलाच्या तेलाचे दोन थेंब सोडले तरी फरक पडला नव्हता. असानालीच्या बोटास काळे वंगण लागले. ते त्याने टोपीच्या आतल्या बाजूस पुसले, कारण ती बाजू कोणास दिसत नसे.

*

तळघराची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली असे. ती घेण्याची मुभा आणखी एकीला होती. ती म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण बात्मा. ही विधवा भिंतीपलीकडे राहत असे आणि आपले बटाटे याच तळघरात ठेवीत असे. असानालीचा संशय तिला पाहता क्षणीच तिच्यावर बसला, कारण तिचे ओठ पातळ होते.

बात्माने तो संशय स्वतःच पुष्ट केला.

"मला ही मुलगी नको होती, लपवून काय ठेवू? माझ्या मैत्रिणीची मुलगी बघून ठेवली होती. नारिनच्या लोकांना मटण कळतं, काकडी काय कळणार. पण बरण्या फोडायच्याच असत्या तर मी दिवसाढवळ्या फोडल्या असत्या, आवाज करून. चोरून काही करणं मला जमत नाही, अख्ख्या गावाला विचारा."

इतके बोलून तिने असानालीच्या हाती आलुबुखाराच्या मुरंब्याची एक बरणी दिली, कारण पाहुण्यास रिकाम्या हाताने पाठविणे तिलाही जमत नव्हते. उमसुनाईने तिच्या झाकणाचा काठ निरखला. घडीवर दोन समांतर रेषा होत्या. बात्माने सांगितले की तिने यंदा बाजारातून नवे यंत्र आणले, ते असे दुपदरी आवळते. भावजयीचे जुने यंत्र एकच रेघ काढते.

भावाविषयी विचारले असता मात्र तिचा आवाज मऊ झाला. परवा शेजारच्या गावी लग्न होते. चारच्या सुमारास सगळे पुरुष झुलत परतले, आणि तिचा भाऊ मात्र सुतासारखा सरळ चालत आला. भावजय आणि सून तेव्हा सफरचंदे वेचावयास गेल्या होत्या. त्याने कुणी न सांगता बादली उचलली आणि कालव्याची वाट धरली.

"असा भाऊ असावा," बात्मा म्हणाली. "उशिरा का होईना."

*

जुमाकादिर हे अंगणाच्या टोकाला, छपराखाली, एका ट्रॅक्टरच्या पोटाशी आडवे झाले होते. चाळीस वर्षे त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्त केले. बाहेर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि पाहुण्यांस हात कसा द्यावा या विवंचनेत त्यांनी मनगट पुढे केले.

उमसुनाईने बरण्यांचा विषय काढलाच नाही. या शरदात लग्ने फार झाली का, एवढेच तिने विचारले.

"बारा," जुमाकादिर म्हणाले. "एकही चुकवता आलं नाही. गेलो नाही तर माणूस रुसतो, गेलो तर पेला पुढे करतो."

बारा लग्नांतील बारा मेजवान्या असानालीच्या डोळ्यांसमोरून सरकल्या आणि त्यास या मनुष्याचा हेवा वाटला.

"अवघड जात असेल, बाइके," उमसुनाई म्हणाली. वडील भावास लावावयाचे संबोधन तिने मुद्दाम वापरले.

"जातं. पण शपथ ती शपथ."

"सुनेच्या बरण्यांचं कानावर आलंच असेल. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांच्या हातातील पाना खाली पडला. तो त्यांनी बराच वेळ शोधला, वस्तुतः तो त्यांच्या पायाशीच होता.

"पोरीचा काही दोष नाही. मीठ बेताचं घालते, तेच बरं असतं. बाकी मला स्वयंपाकघरातलं काही कळत नाही."

परत येताना असानाली गंभीर होता. अखेर त्याने आपले अनुमान सांगितले: बात्माने रात्री येऊन झाकणांस सुईने भोके पाडली असावीत.

"भोक पडलेलं झाकण फुगेल कसं, असान? हवा निघून नाही का जाणार?"

असानालीने मुरंब्याची बरणी दुसऱ्या काखेत घेतली.

उमसुनाई पुन्हा तळघरात उतरली. डाव्या फळीवर उरलेल्या एकोणीस बरण्यांच्या काठांवरून तिने एकेक करून बोट फिरविले. दाराकडून तिसऱ्या बरणीशी ती थांबली. झाकण सपाट होते, बरणी निर्दोष दिसत होती; परंतु घडीत तीच काळी चिकट रेघ होती.

"ही बारावी," ती म्हणाली. "अजून फुगायची राहिलीय. सगळ्यांना वर बोलाव."

*

दस्तरखानाभोवती सर्वजण बसले. बेगाईम दाराशी, जणू उठून जाण्यास सोयीचे व्हावे म्हणून. उमसुनाईने सर्वांसमक्ष झाकण उघडले, एका वाटीत खार ओतला आणि मैरामकानपुढे ठेवला.

मैरामकानने जिभेस लावले. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता.

"पाणी आहे हे. मी म्हणत होते ना, मीठ कमी पडलं."

बेगाईमने मान खाली घातली. तिची बोटे शालीच्या गाठीकडे गेली.

"आता काकडी चाखा," उमसुनाई म्हणाली.

मैरामकानने चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. ती चघळता चघळता थांबली, आणि पुन्हा एक चावा घेतला.

"ही तर बरोबर आहे."

"खारट आहे?"

"असावी तेवढी."

"मग मला सांगा, मैरामकान, सुनेनं मीठ कमी घातलं असतं तर काकडीला ते कुठून मिळालं? काकडीनं मीठ ऑगस्टमध्ये पिऊन घेतलं. तेव्हा खार पुरेसा खारट होता. पातळ झालाय तो नंतर, आणि तोही हल्लीच. जास्त दिवस झाले असते तर दोघांनी एकमेकांचं मीठ वाटून घेतलं असतं. म्हणजे कुणीतरी ही बरणी उघडली, त्यातला खार काढला, आणि साधं पाणी ओतून पुन्हा झाकण आवळलं. कच्च्या पाण्यानं खार पातळ झाला की बरणी फुगणारच. फुगलेल्या अकरांचं तेच झालं."

बेगाईमची बोटे गाठीवर तशीच राहिली.

"कुणी केलं?" मैरामकानने विचारले, आणि तिची नजर नणंदेकडे गेली. बात्माने हनुवटी वर केली.

"त्या नव्हेत. त्यांचं यंत्र दोन रेघा काढतं, ह्या झाकणांवर एकच आहे. तुमचंच यंत्र वापरलंय. आता झाकण उलटं करून बघा."

मैरामकानने झाकण उलटे केले आणि ती दचकली. आतून पिवळा मुलामा नव्हता.

"हे तर गोड पाकाचं झाकण."

"दहाही तशीच आहेत. ती फेकताना कुणी आतून पाहिली नाहीत, कारण फुगण्याचं कारण तुम्ही आधीच ठरवलं होतं. सुनेनं ऑगस्टमध्ये पिवळी लावली. ती तेव्हाच संपली. म्हणजे ही झाकणं नंतरची. आणि आंबटाला साधं झाकण ह्या मुलखातली कुठलीच बाई लावणार नाही. तुम्ही झोपेत लावणार नाही, तुमची नणंद रागात लावणार नाही. हे ज्याला माहीत नाही, असा ह्या घरात कोण आहे?"

असानालीने हळूच सर्वांकडे पाहिले. जुमाकादिर गालिच्यावरील नक्षी अत्यंत एकाग्रतेने न्याहाळीत होते.

"पुढे," उमसुनाई म्हणाली. "यंत्र जड चालत होतं, ते आता वाऱ्यासारखं फिरतं. कुणीतरी चाकीला वंगण घातलंय. खाण्याच्या वस्तूजवळ बाई सूर्यफुलाचं तेल वापरते. ट्रॅक्टरचं वंगण कोण वापरेल? त्याची रेघ प्रत्येक झाकणाच्या घडीत उतरलीय, आणि असानच्या टोपीतही आहे, हवी तर बघा. ज्याला यंत्र जड चाललेलं बघवत नाही, अशा माणसाचा हा हात आहे. तो म्हणतो, सून मीठ बेताचं घालते. शेरिनेच्या आधी जिची बरणी उघडायची नाही, तिच्या खाराचं मीठ त्याला कसं कळलं? तो लग्नाहून येतो आणि न सांगता बादली भरतो. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येतो. लग्नं बारा झाली. आणि बरण्याही, ही धरून, बारा."

मैरामकान उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका हळू झाला, की असानालीने हातातील रोटी खाली ठेवली.

"म्हणजे बाराही लग्नांत प्यालास. नि चढलेली उतरवायला पोरीच्या बरण्यांतला खार ढोसलास. माझा हात धरून शपथ घेतलीस तू."



"बसा, मैरामकान," उमसुनाई म्हणाली. "अजून एक गोष्ट राहिली. असान, घडी कशी आहे म्हणालास?"

"छापखान्यातून आल्यासारखी, एजे."

"पिऊन आलेल्या माणसाच्या हातून बारांपैकी एका तरी झाकणाला सुरकुती पडली असती. एकालाही नाही. शिवाय चढलेली उतरवायला खार लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. हे गृहस्थ लग्नाहून आले की तडक, दिवसाउजेडी, सरळ चालत तळघरात जातात. पुढचं त्यांनीच सांगावं."

जुमाकादिर यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पेला पुढे आला की घसा जळायचा, मैराम. लोक म्हणायचे, एकानं काय होतंय. मी पळत घरी यायचो. पहिल्या वेळी बटाटे आणायला तळघरात उतरलो, समोर बरणी दिसली. दोन पेले खार प्यालो, आग विझली. मग प्रत्येक लग्नाला तेच. तू बरण्या मोजतेस, म्हणून पाणी भरून झाकण लावून ठेवायचो. झाकणाला आतून रंग लागतो हे मला काय ठाऊक? बरण्या फुगायला लागल्या तेव्हा सांगणार होतो. पण सांगितलं तर तुला वाटलं असतं की मी प्यायलो. आत्ता वाटलंच ना?"

मैरामकान खाली बसली. तिच्या डोळ्यांत जे आले ते तिने ओढणीच्या टोकाने टिपले. परंतु तिची चौकशी अद्याप संपली नव्हती.

"तीस बरण्या माझ्याही होत्या. मग सगळ्या तिच्याच का?"

जुमाकादिर यांनी बहिणीकडे पाहिले, उमसुनाईकडे पाहिले. कोठूनही साहाय्य मिळाले नाही.

"तुझ्या खाराशी माझी चाळीस वर्षांची ओळख आहे," ते म्हणाले. "तो प्यालो असतो तर त्याच्यावर दारूच घ्यावी लागली असती."

प्रथम बात्मा हसली. तिचे ते पातळ ओठ पूर्ण उघडले आणि ती भिंतीस टेकून हसली. असानाली हसला. आणि मग मैरामकानच्या त्या ताठ मानेला आधी एक हिसका बसला, दुसरा बसला, आणि ती दस्तरखानावर वाकून अशी हसली, की चहाचे पेले खणखणले.

दाराशी बेगाईम रडत होती की हसत होती, हे असानालीस अखेरपर्यंत कळले नाही. मैरामकान उठून तिच्यापाशी गेली. क्षमा हा शब्द उच्चारण्याची तिच्या पिढीस सवय नव्हती. तिने सुनेच्या खांद्यावरील शाल काढून घेतली, घडी केली आणि स्वतःच्या पेटीत ठेवून दिली.

*

शुक्रवारी चौदा बायका आल्या. उमसुनाईस मोबदला म्हणून निमंत्रण होते, आणि असानालीस उंबऱ्याजवळची जागा. कोणत्याही फळीवर चादर नव्हती.

बायकांनी पहिली बरणी संपविली आणि दुसरी मागितली, तेव्हा मैरामकानने हात वर करून सर्वांस गप्प केले. गावात फुगलेल्या बरण्यांची कुजबुज झालीच होती. अफवेस मारावयाचे तर तिच्या मालकानेच तिला चौकात आणावे लागते, हे त्या स्त्रीस ठाऊक असावे. तिने सर्व हकीकत आरंभापासून सांगितली. नवऱ्याची शपथ, बादली, वंगण, सारे. आणि आपल्या स्वतःच्या खाराविषयी नवरा काय म्हणाला, ते तर तिने त्याच्याच आवाजात दोनदा सांगितले. चौदा बायकांच्या हास्याने खिडकीची तावदाने थरथरली. मग त्यांतील सर्वांत वृद्ध बाईने बेगाईमला जवळ बसवून तिच्या आईचे माप विचारले, आणि इतर तेरा जणी ऐकण्यासाठी पुढे सरकल्या.

इतक्यात दार किलकिले झाले. जुमाकादिर नवी कोरी टोपी घालून उभे होते. सर्वांच्या नजरा वळताच ते कानापर्यंत लाल झाले. खालच्या आळीत तेरावे लग्न होते. निघण्यापूर्वीच सोय करून घ्यावी, असा त्यांचा विचार होता.

नवी सून सासऱ्यासमोर मोठ्याने बोलत नाही. बेगाईम त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी दहा वाक्येही बोलली नव्हती. ती उठली. आपल्या बरणीतून तिने एक पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"आणखी लागला तर हिवाळाभर सांगत जा," ती म्हणाली. "पण झाकण मी लावणार."